काजीतला मुक्काम

सुशांत घाडीची काजूची बाग बघायला तालुक्याहून माणसं यायची. बारा एकरांचा उतार, सरळ रेषेत लावलेली कलमं, चारी बाजूंनी विजेचं कुंपण आणि खाली एक काटेरी झुडूप सापडेल तर शपथ. आठ वर्षांपूर्वी तिथे करवंदीच्या जाळ्या, कुडा, किंजळ असलं काय काय माजलेलं होतं. सुशांतने ते मुळासकट काढलं. साळिंदरांना फासे लावले, कांडेचोरांना, म्हणजे उदमांजरांना हुसकावलं, सापांची बिळं बुजवली. आता बागेत पाऊल ठेवलं की त्याची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर फुगावी अशीच ती बाग होती.

म्हणूनच त्याने बहिणीच्या मागे लकडा लावला होता. "तुझी ती हुंगणी माझ्या बागेत लाव गो एकदा. हिरवो शिक्को दी. दारार लावतंय."

बहीण म्हणजे केतकी. तालुक्याच्या आरोग्य खात्यात कामाला होती आणि तिथेच खोली घेऊन राहायची. हुंगणी हे तिचं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कोकणात कोणी पडलं नाही. जेवणाच्या डब्याएवढी पेटी झाडाला टांगायची. आतला पंखा हवा ओढून घेतो. प्रत्येक प्राणी दिवसभर हवेत काही ना काही सांडत असतो, कातडीचा कोंडा, केसाचा तुकडा, श्वासातला ओलावा. त्यातला डीएनए आतल्या चाळणीत अडकतो, आणि दोन दिवसांत पेटी सांगते की या जागी कोण कोण राहतं. न दिसणारा, फक्त पहाटे येऊन जाणारा प्राणीसुद्धा तिला चुकवू शकत नाही. मग ती यादी बघून ती आणखी एक गोष्ट सांगते. या जागेत माणसाला माकडताप होण्याचा धोका किती, तो आकडा. हिरवा, पिवळा किंवा लाल.

सुशांतच्या बागेचा आकडा लाल आला.

"तुझा यंत्र बिघडलाहा," सुशांत म्हणाला. "नाय तर तुझा डोक्या."

"यंत्र बरोबर असा, दादा. तुझ्या बागेतच कोण नाय. उंदीर, चिचुंद्री, वांदर आणि तू."

"कोण नाय ह्याच तर मी केलंय. आठ वर्सां हाडां झिजवलंय तेच्यासाठी."

केतकीने त्याला समजावायचा प्रयत्न केला. माकडताप पसरवते गोचीड. पिल्लू असताना ती मिरपुडीच्या कणाएवढी असते आणि पुढून कोणीही जावो, त्याला चिकटते. उंदीर-चिचुंद्रीला चिकटली तर त्यांच्या रक्तातून विषाणू घेऊन उतरते, कारण ही मंडळी विषाणू अंगात वागवतात आणि खुशाल हिंडतात. पण साळिंदराला, मुंगसाला, खवले मांजराला चिकटली, तर बहुतेक वेळा कोरडीच उतरते. त्यांच्या अंगात विषाणूची डाळ शिजत नाही. शिवाय त्यांच्यातले काही उंदरांना खातात, काही गोचिडी चाटून गिळतात. जंगलात पन्नास तऱ्हेचे प्राणी असले की विषाणूचा अर्धाअधिक प्रवास फुकट जातो. माणसाने जंगल साफ केलं की पहिले पळतात ते हे उपयोगाचे प्राणी, आणि शेवटपर्यंत माणसाजवळ राहतात ते उंदीर. मग प्रत्येक गोचिडीला उंदीरच मिळतो. सगळ्याच रोगांचं गणित असं चालतं असं नाही, पण या रोगाचं या डोंगरात असं चालत होतं. गेल्या तीन हंगामांत जिथे जिथे माणसं दगावली, तिथे तिथे पेटीचा आकडा आधी लाल झालेला होता.

"म्हणजे साळिंदर असलो तर माणूस बरो, आणि साळिंदर नाय तर माणूस आजारी?" सुशांत हसला. "ह्या तू गावात सांगशीत तर लोक हसतले गो."

"हसांदेत. पण गावपळणीक गाव हय येवक नको."

आता सुशांत हसायचा थांबला. कारण मुद्दा शिक्क्याचा राहिला नव्हता, मानाचा झाला होता.

कुंभवळात दर चार वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की अख्ख्या गावाने घरं उघडी टाकून वेशीबाहेर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणावरची म्हातारीसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री झाडांखाली राहुट्या ठोकून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. पूर्वी मुक्काम नदीकाठच्या माळावर पडायचा, पण तो माळ नव्या महामार्गाच्या पोटात गेला. यंदा जागेची अडचण आली तेव्हा सुशांतने वेशीबाहेरची आपली बाग पुढे केली. सावली आहे, नळ आहे, साप-किरडू नाही, अजून काय पाहिजे? लोक खूश झाले. सुशांतचे आणि केतकीचे वडील बाबल घाडी देवळात गाऱ्हाणं घालणारे. त्यांनी देवापुढे नारळ ठेवून सांगून टाकलं की यंदा गाव काजीत राहील. असा मान घाड्यांच्या घरात पहिल्यांदाच आला होता, आणि आता घरचीच मुलगी तो घालवायला निघाली होती.

केतकीने तालुक्याला कळवलं. तिथून उत्तर आलं की पाहणीसाठी माणूस पाठवू. तो माणूस पोचेपर्यंत गावपळण होऊन गेली असती. जुनी लस कधीचीच बंद झाली होती, नवीची चाचणी चालू होती.

ती बॅग भरून परत जायला निघाली तेव्हा सुशांतची बायको वर्षा पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर आली आणि तिथेच घुटमळली.

"केतकी, तुका एक सांगूक होया. मी सांगलंय म्हणान ह्यांका सांगू नको."

"काय झाला, वहिनी?"

"गेल्या आठवड्यात बागेत वांदर मेलेलो गावलो. कुंपणाचो झटको बसलो असतलो, असा ह्यांका वाटला. ह्येंनी आणि आणखी तिघांनी तेका खांद्यार घेतल्यानी, गुलाल लावल्यानी, हार घातल्यानी आणि मधल्या आंब्याबुडी पुरल्यानी. मोठो मांडव थयच घालतले. पवित्र जागो झालो म्हणान."

केतकीने बॅग खाली ठेवली. "खात्याक कित्याक नाय कळवल्यात? मेलेल्या वांदराक हात लावचो नाय, ह्या मी घसो फुटासर सांगलंय."

"तुमची माणसा येवन रॉकेल ओततत आणि जाळतत. मारुतीचा रूप ता. कोणाक बघवतला?"

वर्षाचं म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या वर्षी शेजारच्या गावात खात्याच्या लोकांनी वानर जाळलं होतं, कचरा जाळावा तसं. त्या दिवसापासून पंचक्रोशीतल्या लोकांनी मेलेली वानरं लपवायला सुरुवात केली होती. आणि वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी थंड होणारं अंग सोडून आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. या लोकांनी भक्तीने त्या वानराला खांदा दिला, मिरवत नेलं आणि जिथे गावची पोरं झोपणार होती तिथेच नेऊन ठेवलं.

ती तशीच बागेत गेली. पायात बूट, पायजमा मोज्यांत खोचलेला. आंब्याखाली गुलाल अजून दिसत होता. तिने पांढरं फडकं काठीला बांधून पाचोळ्यावरून हळूहळू ओढलं आणि उलटं केलं. फडक्यावर कोणीतरी मिरपूड सांडावी तसं दिसत होतं, फक्त ही मिरपूड चालत होती. त्यातल्या काही चिरडून तिने तपासणीच्या पट्टीवर घातल्या, तशी लाल रेघ उमटली. विषाणू होता.

सुशांत मागे येऊन उभा होता. पट्टी त्याने बघितली. वर्षाने सांगितलं हे त्याला न सांगता कळलं असावं.

"मी तेका हातांनी उचललंय," तो म्हणाला.

"ठाऊक असा."

"माका काय झालाहा? बघ, ठणठणीत असंय." मग आवाज चढवून म्हणाला, "आणि ह्या गावासमोर बोललंस ना, तर परत ह्या घराची पायरी चढा नको. घाड्यांनी गावाक मरूक बोलावला, असाच म्हणतले सगळे."

केतकीला रडू येत होतं. लहानपणी तिला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडणारा हाच भाऊ. पण डोळे पुसायला हात वर नेला तेव्हा बाहीवर एक मिरपुडीचा कण चालताना दिसला, आणि रडू थांबलं. तिने तो चिमट्याने उचलून बाटलीत टाकला आणि देवळाकडे चालू लागली.

बाबल घाडी देवळाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. सत्तरी उलटलेली, अंगात फक्त धोतर आणि खांद्यावर पंचा. त्यांनी सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"मग गाव खय जावचो?" त्यांनी विचारलं.

"देवराईखालच्या मळ्यात. भात कापून झालाहा, मोकळो उघडो मळो. थय हुंगणी लावलंय, हिरवी इली. वर देवराईत अजून सगळे असत, साळिंदर, पिसोरी हरण, खवलो."

"लोक देवराईक भितत. साप असत, बिबटो असा."

"बिबटो माणसांचो गजबजाट बघून येवचो नाय, बाबा. गोचीड येतली."

"नारळ ठेवलेलो असा. गाव काजीत रवतला म्हणान देवाक सांगलंय. आता फिरवचा म्हणजे कौल घेवक होयो. आणि कौल घेतलो नि देवान काजीतच जावा म्हणान सांगल्यान, तर तू ऐकशीत?"

इथे हो म्हणणं फार सोपं होतं. कौल तिच्या बाजूने पडला असता तर सगळंच सुटलं असतं. पण बापाशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"नाय," ती म्हणाली.

"मग घेवचो नाय. ऐकाचा नसात तर देवाक विचारूचा नाय." त्यांनी अडकित्ता मिटला. "आता माका सांग. गावातल्या पोरांच्या अंगार हात ठेवन तू ह्या बोलतंस?"

"होय बाबा."

"बरा. जा. सांजेक गाव जमवतंय."

संध्याकाळी सभामंडप भरला. केतकीला वाटलं होतं की आपल्याला बोलावं लागेल, भांडावं लागेल, फडकं दाखवावं लागेल. ती तयारीनेच आली होती. पण बाबल घाडी उभे राहिले आणि त्यांनी तिला तोंड उघडू दिलं नाही. "जागो चुकलो. मी न बघता नारळ ठेवलंय, चूक माझी. गाव मळ्यात जातला," असं त्यांनी सांगितलं. कुजबुज सुरू झाली. कोणीतरी विचारलंच, की देवाला दिलेल्या शब्दाचं काय?

"देवाक शबुद घाड्यान दिलो, तो घाडीच पुरो करतलो," बाबल म्हणाले. "गाव मळ्यात. मी एकटो काजीत रवतलंय. तीन दिवस."

सुशांत खांबाला टेकून उभा होता. तो तिथूनच निघून गेला. केतकीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. गाव वाचवायला निघाली ती, आणि बाप आगीत बसायला तयार झाला.

त्यांचं मन वळवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण हट्टाच्या बाबतीत बाप-लेक एकाच साच्यातले. शेवटी तिने वाद सोडला आणि कामाला लागली. बागेच्या वरच्या अंगाला सिमेंटची पाण्याची टाकी होती, पुरुषभर उंच, वर सपाट. तिथे पाचोळा नाही, गवत नाही. टाकीभोवती तिने जमीन खरवडून काढली, औषध फवारलं आणि वर चटई टाकली.

"काजीत रवतंय म्हणालात ना? ही टाकीय काजीतच असा. खाली उतरूचा नाय."

"बरा," बाबल म्हणाले. मग तिने पुढे केलेली पँट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे बघून मात्र ते हादरले. "ह्या घालून मी देवाचा नाव घेवचा?"

"देवाक पाय दिसूचे नाय. घाला."

जन्मात धोतर न सोडलेल्या माणसाने ते घातलं. एरवी गावभर चेष्टा झाली असती, पण चेष्टा करायला गावात कोणी नव्हतंच. तिकडे सगळी बिऱ्हाडं मळ्यात गेली होती. गुरं हंबरत होती, चुली पेटल्या होत्या आणि पोरं नुसती उंडारत होती. केतकी सकाळी मळ्यात जाऊन सगळ्यांना कपडे झटकायला लावायची आणि उरलेला दिवस बापाजवळ असायची. ऊन वर आलं की आणि उतरलं की ती त्यांचं अंग तपासायची. मान, काखा, कानांमागे, बोटांच्या बेचक्यात. आई गेल्यापासून त्यांच्या अंगाला असा कोणी हात लावला नव्हता. पहिल्यांदा ते अंग चोरून बसले. नंतर डोळे मिटून बसायला लागले.

दुसऱ्या दिवशी मानेखाली एक चिकटलेली सापडली. केतकीने चिमट्याने सरळ ओढून काढली आणि पट्टीवर घातली. रेघ उमटते का ते दोघंही बघत राहिली. उमटली नाही.

"सगळ्यांत नसता विष," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पुन्हा त्यांची मान चाचपायला लागली.

बाबलनी ते हात आपल्या हातांत धरले. "तुझा काम तू केलंस गो. माझा माका करूंदे."

दुपारी सुशांत आला. सभेपासून तो तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. भर उन्हात त्याने अंगावर घोंगडी घेतली होती.

"तू जा मळ्यात," तो टाकीखालून म्हणाला. "बाबांकडे मी रवतंय. हय कोणी बसाचा तर मीच बसूक होयो."

केतकी त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते लालबुंद झाले होते. ती खाली उतरली आणि कपाळाला हात लावला. चटका बसला.

"कधीपासून?"

"कालपासून डोक्या दुखता. अंग मोडून येता. ह्या बाबांका सांगू नको."

बाबल वरून सगळं बघत होते.

एवढ्या वर्षांत केतकीने शेकडो रुग्णांची नोंद केली होती. ताप, डोकेदुखी, लाल डोळे, मग रक्तातल्या पेशी उतरतात, आणि शंभरांतले काही जण परत येत नाहीत. ते काही जण आजवर तिच्या लेखी आकडाच होते. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः सोबत निघाली. बापाला खाली उतरू दिलं नाही, आणि तेही उतरले नाहीत. टाकीवर उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

गाडीत सुशांत बराच वेळ डोळे मिटून पडला होता. मग त्याने विचारलं, "माझी पोरां मळ्यात असत मां?"

"असत."

"आंब्याबुडी झोपली असती ती. मीच जागो आखून दिललो." त्याने तिचा हात चाचपडत शोधला. "बरा झाला, तू भांडलंस."

त्याचं रक्त तपासलं तेव्हा माकडतापच निघाला. पण वेळेवर आला होता. पेशी उतरल्या, घसरत घसरत एका जागी थांबल्या. वानराला खांदा देणाऱ्या बाकीच्या तिघांनाही बोलावून घेतलं होतं, ते शेजारच्याच खोलीत देखरेखीखाली होते, त्यांना ताप नव्हता. मळ्यातही कोणाला काही नव्हतं. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की धोका टळतोय असं वाटतं, तेव्हा केतकी भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडली.

मग तिने भावाला बागेचं सांगितलं, कारण ते आत्ताच सांगायला हवं होतं. खालचे चार एकर सोडून द्यायचे. कुंपण तोडायचं, करवंदी वाढू द्यायची, देवराईपर्यंत वाट जोडायची. प्राणी येतील तेव्हा येतील. सात-आठ वर्षं लागतील, कदाचित जास्त. आणि ते आले की बोंडं खातील, नारळ कुरतडतील, शेजाऱ्यांच्या रताळ्यांत शिरतील. एकट्या तुझ्या बागेने भागायचं नाही, दोन्ही बाजूंच्या लोकांनीही त्यांना येऊ द्यायला हवं. सुशांत छताकडे बघत ऐकत होता.

गाव परतल्यानंतर दोन दिवसांनी गाऱ्हाणं होतं, त्या सकाळी केतकी देवळात होती. हातात फोन उघडा धरला होता, पलीकडे सुशांत खाटेवर पडून ऐकत होता. त्यानेच तसं सांगितलं होतं. बाबल घाडी पुन्हा धोतरात, नारळ हातात घेऊन देवापुढे उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणं. घाडी एकेक मागणं घालतो आणि गाव त्याला होकार देतं. तो होकार दिला की बांधला गेला.

"बा देवा म्हाराजा, गाव तुझ्या पायाकडे परत इलो असा. खाल्लेला, न्हेसलेला सुखान लागांदे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"ज्या तुझ्या लेकराक दुखणा इला, तेका बरा करून घराक हाड."

"व्हय म्हाराजा."

बाबल थांबले. नेहमीचं गाऱ्हाणं इथे संपायचं. त्यांनी नारळ खाली ठेवला नाही.

"आणि म्हाराजा, साळिंदर, मुंगूस, कांडेचोर, खवलो, पिसोरी, ह्येंका आमी हाकलून लावलव. ती तुझीच लेकरां. तेंका परत हाड. तीं आमच्या शेतात इली, आमचा खाल्ल्यानी, तरी आमी तेंका हात लावचव नाय. असो शबुद ह्यो गाव तुका देता."

या वेळी होकार आला नाही. ज्यांच्या रताळ्याच्या वाफ्यात साळिंदरांनी धुमाकूळ घातला होता ते खाली बघत होते, नारळवाले एकमेकांकडे बघत होते. शब्द दिला की पाळावा लागतो हे बाबलनी तीन दिवस टाकीवर बसून गावाला नुकतंच दाखवलं होतं. केतकीच्या ओठांवर होकार आला होता, पण तिने तो गिळला. तिला ना शेत ना बाग. तिच्या होकाराला काय किंमत?

बाबल नारळ धरून वाट बघत राहिले. त्यांना घाई नव्हती.

फोनमधून आधी खोकल्याचा आवाज आला. मग सुशांत म्हणाला, दम लागत लागत, पण अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं, "व्हय म्हाराजा."

त्याच्या पाठोपाठ वर्षा म्हणाली, मग सुशांतच्या बागेच्या दोन्ही अंगांचे शेजारी म्हणाले, आणि मग सगळं गाव.